एकटीची शाळा

“म्हणजे येसूला तुम्ही स्वतः पाठवणार? आपल्या हातांनी?”

 अण्णा चुलीपुढे बसून उकडलेल्या रताळ्याची साल काढत होते.

“निंगाप्पाला मी तोंडावर खोटं पाडून आलो. म्हटलं, अण्णा असं म्हणणारच नाहीत.”

“निंगाप्पा खोटं बोलत नाही.”

“मग तुम्ही म्हणालात?”

“म्हणालो. पोरीला सोमवारपासून खालच्या शाळेत घाल, म्हणालो.”

श्रीरंग उभाच राहिला. अण्णांनी रताळ्याचे दोन तुकडे केले आणि एक त्याच्यापुढे धरला. त्याने तो घेतला नाही.

पठारावरची ती शाळा बसवंत अण्णांनी तरुणपणी सुरू केली होती. जांभ्या दगडाची एक खोली, वर कौलं, पुढे सारवलेलं अंगण. इयत्ता नाहीत, परीक्षा नाही. वारुळातल्या मुंग्या कुठे जातात ते बघण्यात आठवडा गेला, तर आठवडा जाऊ द्यायचा. मूल चुकलं तर अण्णा ‘चूक’ म्हणत नसत. ‘पुन्हा सांग’ म्हणत.

मुलं कधीच फार नव्हती. एका बैलगाडीत मावतील एवढीच.

श्रीरंग पुण्याहून आला होता, कॉलेजातली नोकरी सोडून. मुलांनी कसं शिकावं यावर त्याने पुष्कळ वाचलं होतं. आल्या दिवशी तो अण्णांच्या पायांकडे वाकला आणि म्हणाला, “मला तुमचा शिष्य व्हायचंय.”

अण्णा म्हणाले, “चप्पल बाहेर काढ.”

त्याला तो पहिला उपदेश वाटला. पुढे कळलं, जमीन नुकतीच सारवलेली होती.

मग फाट्यापर्यंत डांबरी रस्ता झाला आणि बाजारगावातल्या शाळेची पिवळी बस वर येऊ लागली. आधी शिंप्याच्या दोन्ही मुली गेल्या. मग पोलीस पाटलाचा मुलगा. मग एकामागून एक सगळी. दर खेपेला श्रीरंग त्या घरी जाऊन आईबापांशी वाद घालून यायचा. अण्णा कुणाकडे गेले नाहीत.

शेवटी येसू उरली. निंगाप्पा धनगराची मुलगी, नऊ-दहा वर्षांची. खालच्या शाळेत गेली तर संध्याकाळी म्हशी कोण आणणार, म्हणून उरली.

श्रीरंगला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. आता त्याच्याकडे एक अख्खं मूल होतं.

त्याने तिच्यावर जीव टाकला. येसू मोठमोठी पुस्तकं वाचू लागली. आवाजावरून पाखरू ओळखू लागली. दगडावरून जमीन सांगू लागली. पुण्याहून पाहुणे शाळा बघायला आले, तेव्हा त्यांनी विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं तिने न अडखळता उत्तर दिलं.

पाहुण्यांतल्या एका बाईंनी विचारलं, “आणि तुझी मैत्रीण कोण गं?”

येसूने आठवून पाहिलं.

“श्रीरंगदादा.”

सगळे हसले. बाईंनी तर डोळे पुसले. “हे एक मूल शंभरांना भारी आहे,” निघताना कुणीतरी म्हणालं. ते वाक्य श्रीरंगने मनात जपून ठेवलं होतं.

अण्णा तेव्हा अंगणातच होते. ते हसले नव्हते.

आता तोच श्रीरंग चुलीपुढे उभा होता.

“तिथे काय चालतं, ठाऊक आहे तुम्हाला? पट्टी आहे तिथे. उत्तर पाठ नसलं की हात पुढे करायला लावतात. मान वर केली तरी ओरडतात.”

“ठाऊक आहे.”

“आणि तरी?”

“तरी.”

“तिला विचारलंत?”

अण्णांचा हात थांबला.

“नाही… तू विचार.”

श्रीरंग तडक बाहेर गेला. येसू अंगणाच्या कडेला पाय सोडून बसली होती.

“येसू, तुला खालच्या शाळेत जायचंय?”

तिने वर त्याच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. म्हशी सोडण्याआधी आभाळाकडे बघतात, तसं.

“न्हाई,” ती म्हणाली.

तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता.

“नको म्हणाली.”

“लगेच?”

“नाही, नीट विचार करून.”

“विचार करताना कुठे बघत होती?”



“तुम्हाला म्हणायचंय काय, अण्णा?”

“काही नाही. रताळं गार झालं.”

त्या दुपारी त्याने जेवणही नीट केलं नाही. खोलीत जाऊन पुस्तक उघडलं, पण ओळीवर डोळा ठरेना. इतक्यात अण्णांची हाक आली.

“श्रीरंग, येसूला बोलाव. तिच्या घरी जाऊन यायचंय.”

येसू अंगणात नव्हती. ओढ्यावर नव्हती. म्हशींकडेही नव्हती. त्याने हाका मारल्या. उत्तर नाही. थंडीच्या दिवसांत पठारावर गवे उतरतात.  तो धावू लागला.

मग गवताच्या गंजीआडून त्याला जांभळ्या झग्याची कड दिसली.

येसू गुडघे हनुवटीला लावून अंग चोरून बसली होती. तोंडावर हात घट्ट दाबलेला.

“येसू! केव्हाचा हाका मारतोय!”

“श्श…”

“काय करतेस इथे?”

“लपलेय.”

 तो तिच्याशेजारी खाली बसला.

“लपंडाव होय? राज्य कुणावर आहे?”

“कुणावरच न्हाई.”

गवतात वारा सळसळला.

“मग तुला शोधणार कोण?”

तिने जरा विचार केला. प्रश्न अवघड नव्हता. आजवर कुणी विचारला नव्हता, एवढंच.

“कुणी न्हाई. कंटाळा आला की माझी मीच भाईर येते.”

“रोज खेळतेस असं?”

“तू जेवून पुस्तक वाचतोस नव्हं? तवा.”

 श्रीरंग गवताची काडी मोडत राहिला.

येसूलाच त्याची दया आली असावी.

“दादा,” ती म्हणाली, घरी आलेल्याला पाणी विचारावं तशी, “तुझ्यावर राज्य देऊ?”

“दे.”

त्याने डोळे मिटून आकडे म्हटले. ती पुन्हा तिथेच लपली. त्याने शोधली, तेव्हा ती उडी मारून हसली. हसायला हवं होतं त्याहून जरा जास्तच हसली.

मग राज्य तिच्यावर आलं. तो पाण्याच्या टाकीमागे लपला. टाकी लहान आणि तो उंच. कोपर बाहेर राहिलं, हे त्याला कळत होतं. येसू टाकीजवळून गेली. परत आली. पुन्हा पुढे गेली. “कुठं गेला बाई दादा…” असं मोठ्याने म्हणाली.

तो टाकीला डोकं टेकून उभा राहिला.

अण्णा पायरीवर वाट बघत बसले होते. श्रीरंग एकटाच आला.

“सापडली?”

“हो.”

“आणली नाहीस?”

“म्हशी घेऊन गेली घराकडे.”

अण्णांनी मान डोलावली.

“मी खेळत जाईन तिच्याशी,” श्रीरंग घाईने म्हणाला. “माझं चुकलं. मला कळलंच नाही. रोज दुपारी खेळेन. वाचणार नाही.”

“आज खेळलास?”

“खेळलो.”

“तू लपलास, तेव्हा तिनं शोधलं तुला?”

श्रीरंगने मान खाली घातली.

“…तिला दिसलो होतो मी. दिसलो नाही असं तिनं दाखवलं.”

अण्णांनी समोरच्या उताराकडे पाहिलं. खाली येसू म्हशींच्या मागून चालली होती.

“दमत असेल पोरगी,” ते म्हणाले.

सोमवारी सकाळी फाट्यावर दाट धुकं होतं. निंगाप्पाने दप्तर आपल्याच खांद्याला लावलं होतं. येसूच्या अंगावर नवा गणवेश होता, इलॅस्टिकचा टाय होता. बूट चावत होते, म्हणून ती एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत होती. श्रीरंगचं बोट तिने धरलं होतं.

“तुमी म्हणला म्हणून पाठवतोय, अण्णा,” निंगाप्पा म्हणाला. “नायतर माझं मन हुईत न्हवतं. रातसारी हिची आई झोपली न्हाई.”

“म्हशींचं काय?”

“मी आणीन की. कशाला पायजे पोरगी म्हशीला.” त्याने तोंड फिरवलं. “आदीच आणायला पायजे हुत्या.”

बसचा हॉर्न आला. मग धुक्यातून दोन पिवळे दिवे आले. बस थांबली, दार उघडलं.

येसू चढेना.

“चल की गं,” निंगाप्पा म्हणाला.

तिने श्रीरंगचं बोट सोडलं नाही.

“दादा, मी गेले तर तू काय करशील?”

श्रीरंगने अण्णांकडे पाहिलं. अण्णा रस्त्याकडे बघत होते. त्यांनी मदत केली नाही.

मुलांशी खोटं बोलायचं नाही, हा त्या शाळेतला एकच नियम होता. पाहुण्यांना तो नियम श्रीरंगच मोठ्या अभिमानाने सांगायचा.

“मला?” तो म्हणाला. “मला ढीगभर कामं आहेत. खोली शाकारायचीय. पुस्तकं लावायचीत. तुझी आठवणसुद्धा यायची नाही मला.”

येसूने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याने चेहरा हलू दिला नाही. आयुष्यात कुठल्या परीक्षेला तो एवढा घाबरला नव्हता.

“बरं,” ती म्हणाली.

बोट सुटलं.

तिला ते खरं वाटलं की नाही, हे त्याला पुढे कधीच कळलं नाही.

ती पायऱ्या चढली आणि बसच्या मधल्या वाटेत उभी राहिली. मुलं तिच्याकडे बघत होती. कुणी हललं नाही. मग खिडकीशी बसलेल्या एका मुलीने शेजारचं आपलं दप्तर उचलून मांडीवर घेतलं.

दार लागलं. बस धुक्यात गेली.

निंगाप्पा फेट्याच्या शेवाने तोंड पुसत म्हशींकडे वळला. अण्णा आणि श्रीरंग पायवाटेने निघाले. अर्ध्या चढावर श्रीरंग थांबला.

“मी खोटं बोललो तिच्याशी.”

“हं.”

“तुम्ही काहीच म्हणत नाही?”

“श्वास लागलाय,” अण्णा म्हणाले. “चढ संपू दे.”

चढ संपल्यावरही ते काही म्हणाले नाहीत.

पुढचे दिवस वाईट गेले. अण्णा सकाळी अंगण झाडायचे, खोलीचं दार उघडायचे आणि पायरीवर बसायचे. कुणी येत नसे. श्रीरंगने खरोखरच पुस्तकं लावली. मग पुन्हा काढून पुन्हा लावली. एकदा त्याने सामान बांधलं आणि त्याच दुपारी सोडलं. पुण्याला जाऊन सांगायचं काय, ते त्याला सुचलं नाही.  दोघं जेवायला बसले की फक्त भाकरी मोडल्याचा आवाज व्हायचा.

एका रविवारी उतारावरून दोन मुली वर येताना दिसल्या. पुढची येसू होती.

श्रीरंग धावत सामोरा गेला. तिला उचलून घ्यावं असं त्याला वाटलं, पण ती दोन हात अंतरावर थांबली. तिचे केस घट्ट बांधले होते. त्यात लाल रिबिनी होत्या.

“ही नाझनीन,” ती म्हणाली. “बसमधली.”

नाझनीनने श्रीरंगला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “हाच होय तुझा दादा?” तिने येसूच्या कानात विचारलं, पण ते सगळ्यांना ऐकू गेलं.

अण्णा खोलीतून बाहेर आले. त्यांना बघताच येसूने पाय जुळवले, हात सरळ खाली सोडले आणि वर बघत एका सुरात म्हटलं,

“गुड मॉर्निंग, सर.”

अण्णा दारातच उभे राहिले. चौकट धरून.

मग त्यांनी विचारलं, “भूक लागलीय का गं पोरींनो?”

त्यांनी आतून गूळ-शेंगदाणे आणले. येसूने हात पुढे केला, तेव्हा श्रीरंगला तिचा तळवा दिसला. त्याच्यावर आडवा लाल वळ होता.

“हे काय?”

तिने हात पाठीमागे नेला.

“तिनं बाईंना विचारलं,” नाझनीननेच सांगून टाकलं. “बाई फळ्यावर लिहीत हुत्या. ही उठून म्हणाली, बाई, तुमाला हे कसं कळलं?”

“मग?”

“मग काय. दोन बसल्या.”

“आणि तुझ्या हातावर वळ कसा?”

“मी हसले.”

“कशाला हसलीस?”

“कसं कळलं म्हणं!” नाझनीन म्हणाली आणि पुन्हा हसली. येसूही हसली. दोघी एकमेकींचे तळवे शेजारी धरून बघू लागल्या, कुणाचा जास्त लाल आहे ते. हसता हसता येसूचे डोळे भरून आले.  नाझनीनने तिला झग्याला धरून ओढलं.

“चल, वढा दाखव. दावते म्हणली हुतीस.”

शेंगदाणे मुठीत घेऊन दोघी पळाल्या.

श्रीरंग वळला. त्याचा आवाज फाटला.

“बघितलंत? कसं कळलं म्हणून विचारलं! त्याबद्दल मार खाल्लाय तिनं! अण्णा, हे तुम्ही केलंत.”

“हो,” अण्णा म्हणाले.

ते पायरीवर बसले. बसताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला. श्रीरंगच्या लक्षात आलं, हा माणूस म्हातारा झालाय. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते.

त्याचा राग ओसरला. तो शेजारी बसला.

“परत आणू या तिला. मी निंगाप्पाशी बोलतो. आजच.”

अण्णांनी मान हलवली. नाही.

“मग काय, खाऊ द्यायचा मार?”

अण्णांनी पायरीवर सांडलेले शेंगदाणे वेचले.

“सांगा ना, अण्णा. काहीतरी सांगा. एवढी वर्षं तुमच्यापाशी राहिलो. मी काय करू?”

ओढ्याकडून मुलींचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते.

अण्णा उठले आणि भाकरीचं पीठ मळायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीरंगला जाग आली, तेव्हा अण्णांची अंघोळ झाली होती. त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, कोट घातला होता. तो कोट श्रीरंगने आजवर एखाद्या लग्नातच पाहिला होता. त्यांनी शाळेचं दार ओढून घेतलं आणि कडी लावली.

“कुठे निघालात?”

“खाली.”

श्रीरंग त्यांच्या मागोमाग उतरला.

“भांडायला ना? थांबा, मीही येतो. त्या बाईंना मी विचारतोच…”

“भांडायला नाही. फाटकावर बसायला त्यांना माणूस पाहिजे होता. पोरांना पाणी द्यायचं, आत-बाहेर बघायचं. मागच्या बाजाराला विचारून आलोय. ये म्हणालेत.”

श्रीरंग जागच्या जागी थांबला.

“शिपाई?… तुम्ही?”

“हं.”

“त्यांच्याकडे?”

“हं.”

“त्यांनी आपली शाळा मोडली, अण्णा! उभा जन्म घातलात तुम्ही हिच्यात. लोक लांबून तुमच्या पाया पडायला यायचे. आणि त्या पट्टीवाल्यांच्या फाटकावर बसणार? ते तुम्हाला अरेतुरे करतील. मुलांदेखत ओरडतील.”

“ओरडतील.”

“एका शब्दाने तरी थांबवू शकणार आहात का तुम्ही त्यांना?”

“ठाऊक नाही.”

फाटा आला. धुक्यात खाली कुठेतरी हॉर्न वाजला. अण्णांनी कोटाचं वरचं बटण लावायचा प्रयत्न केला. बटण लागेना. श्रीरंगने पुढे होऊन ते लावून दिलं. त्याच्या डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं होतं.

“का, अण्णा?” तो म्हणाला. “तिथे तुमचं काय आहे?”

बस थांबली. दार उघडलं. आतून गलका बाहेर आला.

अण्णांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

“तिथं मुलं आहेत,” ते म्हणाले.